मलमलीतून गाळलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी वाफेची इस्त्री आहे, आणि माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत फिरा. कीव करायचीच असेल, तर ज्यांनी मला वर्षानुवर्षं नळाचं पाणी पाजलं, त्यांच्या अकलेची करा.

माझा जन्म कारखान्यात झाला. तळ आरशासारखा, त्याला चोवीस बारीक भोकं, आणि पोटात पाण्याची छोटी टाकी. पाणी तापायचं, वाफ फुस्सकन भोकांतून बाहेर पडायची आणि कितीही अडेलतट्टू सुरकुती असली तरी मुकाट्याने सरळ व्हायची. माझ्या खोक्यात एक कागदही होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘जड पाणी वापरू नये.’ मला विकत घेणाऱ्या शिंप्याने, म्हणजे आमच्या मास्तरांनी, त्या कागदाचं काय केलं असेल? वाचला? छे! कागद चांगला जाड होता, म्हणून त्यावर कॉलरचा खाका काढला आणि कापून टाकला. ज्ञानाचा इतका चोख उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

जड पाणी म्हणजे काय ते तुम्ही तरी ऐका. जमिनीखालच्या दगडांतून झिरपताना पाणी त्यांतले क्षार स्वतःत विरघळवून घेतं. दिसायला अगदी निर्मळ, साळसूद. पण तापवलं की सोंग उतरतं. क्षार वेगळे होतात आणि आतून चिकटून बसतात, न बोलावलेल्या पाहुण्यांसारखे. आमच्या दुकानातली चहाची केटली आतून चुना फासल्यासारखी दिसायची. पाणी उकळायला तिला दुप्पट वेळ लागायचा आणि वर ऐकून घ्यावं लागायचं, “म्हातारी झाली आता ही.”

मास्तर निष्काळजी होते असं मात्र नाही. निष्काळजी माणूस परवडला! हे काळजी घ्यायचे, तीही भलतीच. सगळा जन्म कापडात गेलेला, त्यामुळे कापडावर यांचा आंधळा विश्वास. रोज सकाळी नळाचं पाणी चार पदरी मलमलीतून गाळायचे आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, “या कापडातून धुळीचा कण जात नाही, तर कचरा काय जाणार?”

अहो मास्तर, साखर विरघळलेलं सरबत गाळलं म्हणून कधी अगोड झालंय का?

मास्तरांची थोरली लेक दुकानातच काम करायची. तिला सगळे ताई म्हणत. तिने एकदा सांगून पाहिलं, “बाबा, हिच्या भोकांवर पांढरं साचलंय. पाणी बदलू या.”

“तू काजं कर. पाण्याचं मला शिकवू नकोस.”

सात वर्षं तिच्या वाट्याला काजं आणि बटणंच होती. मग एका वकीलबाईंनी काळा कोट शिवायला टाकला आणि मास्तरांना कुठून सुबुद्धी झाली कोण जाणे. म्हणाले, “हा तूच काप, तूच शीव. बाईंनी नाक मुरडलं नाही तर कापणीची कात्री तुझी. नाहीतर काजं आहेतच.”

ताईने तो कोट असा शिवला, की मला, जिला कुणाचं कौतुक म्हणून करवत नाही, तिलासुद्धा खांद्याचा उतार पाहून गप्प बसावं लागलं.

बाई चारला येणार होत्या. तीन वाजता शेवटची इस्त्री. मास्तरांनी स्वतः मोठ्या प्रेमाने माझी टाकी भरली आणि मला ताईच्या हातात दिलं. मी थोपवायचा प्रयत्न केला, खरंच केला. पण इतक्या वर्षांचा चुना पोटात सुटला होता. मी खोकले, आणि काळ्या कोटाच्या छातीवर पांढरा लगदा थुंकले.



“भंगारात घाला या बयेला!” मास्तर कडाडले. मग लेकीकडे वळून, “आणि तुला हात जरा हलका ठेवायला काय झालं होतं?”

बघा मित्रांनो! थुंकले मी, पाजलं यांनी, आणि चूक कोणाची? तिची!

ताई रडली नाही. तिने माझी वाफ बंद केली. काळ्या कापडाच्या चिंधीवर दोन थेंब टाकले, एक गाळलेल्या पाण्याचा, एक सरळ नळाचा, आणि दोन्ही माझ्या तळाने वाळवले. दोन पांढरी वर्तुळं उमटली, जुळ्या बहिणींसारखी.

“बाबा, यातलं गाळलेलं कुठलं?”

मास्तरांनी चष्मा पुसला. चिंधी उजेडात धरली. उलटी करूनसुद्धा पाहिली.

“हे... डावीकडचं.”

“ते नळाचं.”

“मग मलमल विरली असेल.”

हद्द झाली! ताईने मात्र वाद घातला नाही. समोरच्या दुकानातून व्हिनेगर आणलं, पाण्यात मिसळलं, आधी कोटाच्या आतल्या शिवणीला लावून पाहिलं. रंग हलला नाही. मग एकेक डाग टिपला. गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते बिनक्षाराचं पाणी आणून त्यात फडकं भिजवलं, पिळून कोटावर पसरलं आणि वरून मला फिरवलं. मी जन्मात कधी इतकी नीट वागले नव्हते.

चारला बाई आल्या. कोट घालून आरशापुढे वळल्या, पुन्हा वळल्या. “मास्तर, तुमच्या हाताला तोड नाही हो!”

मास्तर खाकरले. “माझा हात नाही तो. हिचा.”

बाई गेल्यावर त्यांनी कात्री लेकीपुढे सरकवली. शाबासकी नाही, काही नाही. “धार लावून आण आधी,” एवढंच.

आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांना काय सांगू लागले माहितीये? “इस्त्रीला बॅटरीचंच पाणी लागतं. मी पहिल्यापासून म्हणतोय.” पहिल्यापासून!

मलाही व्हिनेगर पाजून ताईने साफ केलं. चोवीसपैकी तेरा भोकं उघडली. अकरा कायमची गेली. रेशमावर मला आता फिरवत नाहीत, अस्तरं तेवढी माझ्याकडे येतात. वाईट वाटतं, पण ते तुम्हाला दाखवणार नाही.

तेव्हा मित्रांनो, पाणी स्वच्छ दिसतं म्हणून त्याच्यावर भाळू नका. केटली असो, गीझर असो, कपडे धुण्याचं मशीन असो, पांढरं साचू लागलं की वेळीच काढा. आणि एखादं यंत्र बिघडलं, तर त्याला शिव्या घालण्याआधी आपण त्याला काय पाजत आलो ते आठवून पाहा. आठवत नसेल तर झाकण उघडा. तुम्ही विसरलात तरी त्याने एकेक घोट जपून ठेवलेला असतो.