बोलण्यापुरता कान

मी बोलतोय खरा, पण बोलणं हे काही माझं काम नव्हे. माझं काम ऐकायचं. जीव माझा शेंगदाण्याएवढा. एका म्हाताऱ्या छपाईवाल्याच्या कानामागे मी बसतो. लोक मला श्रवणयंत्र म्हणतात.

जन्मल्या जन्मल्या माझ्याकडून एकच धडा घोटून घेतला गेला: माणसाचा आवाज उचलायचा, बाकीची धडधड दाबायची. दुकानातल्या बाईंनी मला विकताना स्पष्ट सांगितलं, "हे बोलण्यापुरतं आहे हं. गाण्याची हौस यावर भागायची नाही." मालकांच्या लेकीनं मान हलवली. मालकांनी मात्र "गाणं अजिबातच नाही?" असं पुन्हा विचारलं. का, ते घरी आल्यावर कळलं.

घरात एक खोका भरून कॅसेटी होत्या. तरुणपणी मालक आणि त्यांचे दोन मित्र एका बँडमागे गावोगाव हिंडले होते; पुढे मालकीणबाईही सोबत असत. हा बँड एकच गाणं दर वेळी निराळं वाजवी. गाणं चार ओळींचं, पण वाद्यं एकमेकांशी गप्पा मारायला लागली की अर्धा अर्धा तास आवरत नसत. म्हणून प्रत्येक कार्यक्रम टेप करायचा, आणि त्यातला सरस कुठला यावर जन्मभर भांडायचं. माणसांची ही रीत मला फार गमतीची वाटते.

पण छापखान्याच्या यंत्रांनी मालकांचे कान खाल्ले होते. माझ्यातून त्यांनी पहिली कॅसेट ऐकली, तेव्हा गिटार पत्र्यावर खिळे सांडल्यासारखी वाजली. त्यांनी मला काढून डबीत ठेवलं आणि खोक्याला सुतळी बांधली. आपलं ऐकणं संपलं, आता कॅसेटी मित्राला देऊन टाकायच्या, असं त्यांनी ठरवलं. डबीत पडल्या पडल्या मी विचार करत होतो, त्या गाण्यात असं होतं तरी काय?

रविवारी दोघे मित्र आले. एक उंचच उंच, त्याला सगळे लंबू म्हणत. दुसरा दातांचा डॉक्टर. बोलणं कळावं म्हणून मालकांनी मला कानाला लावलं. चहा होईतो नेहमीचं भांडण जुंपलं. डॉक्टरला नदीकाठचा कार्यक्रम प्यारा, लंबूला गोदामातला. त्या दिवशी वीज गेली, गिटारी मुक्या झाल्या, पण ड्रम वाजतच राहिले आणि त्यावर हलकीशी बासरी आली, असं लंबू शपथेवर सांगे.

"त्या बँडात बासरीवाला होता कुठे? दाढ दुखून तूच कण्हत असशील," डॉक्टर म्हणाला.

शेवटचं एकदा ऐकू या, म्हणून खोका सोडला. गोदामातली कॅसेट लागली. ड्रम सुरू झाले, आणि मी शिकल्याप्रमाणे ती धडधड दाबली. खालून तो बारीक सूर वर आला. मी तो ओळखला. रोज सकाळी, स्वयंपाकघरात भांडी विसळली जाताना, तो मला डबीतही ऐकू येत होता.

मालकांनी कानाशी हात नेला. "ही बासरी नाही," ते हळू म्हणाले. "कुणीतरी गुणगुणतंय. टेप कुणाच्या मांडीवर होता तेव्हा?"

तिघांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मालकीणबाई चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभ्या होत्या.

"वहिनी, इतकी वर्षं बोलला का नाहीत?" लंबूनं विचारलं.

"तुम्ही इतक्या प्रेमानं भांडत होता," त्या म्हणाल्या. "तुमची बासरी मोडायची कशाला?"

डॉक्टर हसता हसता खोकायला लागला. मालक हसले नाहीत. त्यांनी कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली, मग आणखी एकदा.

खोका लंबूनं नेला, पण त्यातली एक कॅसेट घरीच राहिली.

आता माझं अंग झिजलंय, बॅटरी लवकर दम सोडते. तुम्हाला एवढंच सांगणं: माझ्यासारखा कुणाच्या कानामागे दिसला तर ओरडू नका. समोर बसा आणि सावकाश बोला. गिटार खरी कशी वाजायची, हे मला कधीच कळणार नाही, याची चुटपुट आहेच. पण हल्ली सकाळी भांडी वाजायला लागली की मालक पेपर खाली ठेवतात, स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसतात, आणि म्हणतात, "गोदामातलं म्हण."