काहून चालली, हे कोणी विचारलं नाही

विमानाच्या कॉकपिटात दोन वैमानिक बसतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यांच्या पाठीमागे, दाराला लागून, भिंतीत दुमडून ठेवलेली तिसरी एक खुर्ची असते. ती मी. आज बोलतेय ती रागानं, हे आधीच सांगून टाकते. गोड ऐकायचं असेल तर मागे प्रवाशांच्या गुबगुबीत खुर्च्या आहेत, त्यांच्याकडे जा.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यातला. पुढच्या दोघींना मऊ लोकरीची पांघरुणं मिळाली, माझ्या वाट्याला पातळ गादी आणि ताठ पाठ आली. तपासणीचा साहेब आला तर त्याला बसायला म्हणून मला घडवलं. पण साहेब वर्षातून कितीदा येणार? एरवी माझ्यावर टोप्या ठेवतात, बॅगा ठेवतात, खाऊन झालेले डबे ठेवतात. त्याचं मला काही वाटत नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

आमचं हे पंख्यांचं छोटं विमान मुंबईहून अमरावतीला, बेलोऱ्याच्या विमानतळावर जातं. रोज जात नाही, म्हणून जातं तेव्हा भरून जातं. नोकरी मुंबईत आणि घर अमरावती-अकोल्याकडे, असे आमच्या कंपनीचे काही वैमानिक आहेत. मागे जागा नसली की सुट्टीवर निघालेला त्यांच्यातला एखादा माझ्याकडे येतो.

त्याची एक रीत आहे. कॉकपिटाच्या दारात उभं राहायचं आणि त्या विमानाच्या कॅप्टनला विचारायचं, "येऊ का?" कॅप्टन हो म्हणाला की बसायचं. जो आधी विचारेल त्याची जागा. दोघं एकदमच आले तर मोठा कोण ते बघायचं. आणि शेवटचा शब्द कॅप्टनचा. किती सरळ आहे! पण सरळ गोष्टीला वाकवण्यात माणसांचा हात कोण धरणार?

वाकवायची युक्तीही ऐका. "ऊठ" असं कोणी कोणाला म्हणत नाही. ज्येष्ठ माणूस दारात येतो आणि नुसता उभा राहतो. बसलेला लहान असला की आपणच पट्टा सोडतो. याला म्हणे मान राखणं म्हणतात!

प्रियदर्शनी अकोल्याची. तेव्हा ती सहवैमानिक होती. तिची आई शकुनबाई शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश शिवून शिवून पोरीला वैमानिक केलं त्या बाईनं. तिच्या एका डोळ्याचा आतला पडदा सुटायला लागला होता. ऑपरेशन तातडीचं होतं. त्यासाठी नागपूरचे डॉक्टर, मी सांगतेय त्या दिवशी, अकोल्याला येणार होते, वेळ संध्याकाळची. पण शकुनबाईला चाकूची भयंकर भीती. तिनं एकच अट घातली होती. पोरगी हात धरायला असेल तरच आत जाईन, नाहीतर नाही.

त्या दुपारी प्रियदर्शनी सगळ्यांच्या आधी दारात आली. कॅप्टन देवानंद होते. तिनं रीतीनं विचारलं, आईचं सगळं सांगितलं. देवानंद म्हणाले, बस, आई आधी. ती बसली, पट्टा लावला. बेलोऱ्याला उतरून गाडीनं अकोला गाठायला वेळ पुरेसा होता.

तेवढ्यात कॅप्टन ललित आले. कंपनीतले जुने, देवानंदांनाही शिकवलेले. विचारणं नाही, काही नाही. दारात उभे राहिले आणि हसून देवानंदांना म्हणाले, वरूडच्या बगिच्यात हुर्ड्याचा बेत आहे, सगळे वाट पाहून राहिले.

हुर्डा! डोळा एकीकडे आणि हुर्डा एकीकडे, आणि माझ्या अंगावर बसलेली ती पोर पट्टा सोडायला लागली. अगं, नको सोडू! मी ओरडायची बाकी होते, पण खुर्चीला तोंड कुठलं? ती उठली, पण लगेच गेली नाही. देवानंदांकडे बघत राहिली. त्यांनी एक शब्द बोलायचा होता. शेवटचा शब्द त्यांचाच होता ना! ते समोरची कळ खालीवर करत राहिले. त्या कळीचं तेव्हा काहीही काम नव्हतं. मी रोज बघते, मला कळतं.

"पुढच्या वेळी ये बाळा," ललित म्हणाले आणि धपकन माझ्यावर बसले. काहून चालली होतीस, कशासाठी चालली होतीस, एवढंही त्यांनी विचारलं नाही. एकानं विचारायचं नाही आणि दुसऱ्यानं माहीत असून सांगायचं नाही. वा रे तुमची सभ्यता!

पुढचं मला प्रियदर्शनीच्याच तोंडून कळलं. ती ड्यूटीवर आली तेव्हा शेजारच्याला सांगत होती. रात्रीच्या रेल्वेनं ती सकाळी अकोल्याला पोचली, तोवर आई दवाखान्यातून उठून घरी गेली होती. डॉक्टर परत गेले होते. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा पडदा पार सुटला होता. तो डोळा गेला. शकुनबाईनं शिवणाचं मशीन विकलं नाही, पण त्यावर चादर टाकून ठेवली.

आता प्रियदर्शनी कॅप्टन झाली आहे. परवा ती डावीकडच्या, कॅप्टनच्या खुर्चीत होती. वर्षाली नावाची नवी वैमानिक रीतीनं विचारून माझ्यावर बसली होती. आणि दारात कोण येऊन उभं राहावं? ललित! नेहमीसारखेच, नुसते उभे. वर्षालीचा हात पट्ट्याकडे गेला.

"बस तू," प्रियदर्शनी म्हणाली. मग मागे वळली. "सर, विचारा."

ललितांना कळेचना. मग त्यांनी विचारलं, "येऊ का, कॅप्टन?"

"काहून चालले सर?"

ललितांचा चेहरा उतरला. "बाबांले अमरावतीले ॲडमिट केलं. बोलनं बंद झालं त्याईचं."

हाण आता, मी मनात म्हटलं. अशी संधी पुन्हा यायची नाही. पण ती पोर माझ्यासारखी लोखंडाची नव्हती. तिनं वर्षालीला विचारलं, जागा तुझी आहे, देशील का? वर्षाली आनंदानं उठली. ललित बसले. प्रियदर्शनी पुढे बघत बोलली.

"त्या दिवशी तुमी मले एवढंच विचारलं असतं, सर, तर माह्या आईचा डोळा राहिला असता."

ललितांना हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं. बेलोऱ्यापर्यंत ते माझ्यावर अंग चोरून बसले होते.

तिनं माफ केलं असेल, तो तिचा मोठेपणा. मी केलेलं नाही. देवानंद अजून याच विमानावर येतात आणि आपली टोपी माझ्यावर ठेवतात. तुम्हीही कुठे ना कुठे बसलेल्याला उठवत असालच. उठवा बाबांनो, तुम्ही मोठी माणसं. पण त्याआधी काहून चालली म्हणून विचारा. आणि ज्याला उत्तर माहीत असेल, त्यानं कळीशी खेळत बसू नये.