वाल्डॉर्फच्या फ्रीझरने घेतलेला धसका

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात मी उभा असतो. माझी घरघर ऐकून लोकांना मी रागीट वाटतो. खरे तर मी भित्रा आहे. वीज गेली तर, दार उघडे राहिले तर, कुणी गरम पातेले तसेच आत कोंबले तर, असल्या काळज्यांतच माझे आयुष्य गेले.

एका जर्मन कारखान्यात माझा जन्म झाला. पहिली अठरा वर्षे मी एका आजीबाईंकडे काढली. त्या मटार आणि पाव यांखेरीज काही ठेवत नसत. पुढे त्या वृद्धाश्रमात गेल्या आणि २०१३ साली प्रसन्न आणि त्याची बायको निशिगंधा मला घेऊन आले. प्रसन्न इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर आहे. जिन्यात त्याने मला दोनदा भिंतीवर आपटले, ते मी अजून विसरलेलो नाही.

निशिगंधाने मात्र माझ्या आयुष्याचे सोने केले. प्रसन्नच्या ऑफिसात अमेरिकेतल्या लुइझियानाचा एक सहकारी होता, त्याने तिला गम्बो शिकवला. कोंबडी, कोळंबी आणि भेंडी घातलेला हा दाट रस्सा भाताबरोबर खातात. भेंडीचे नाव ऐकताच ती तुर्की दुकानातून दोन किलो घेऊन आली! तेव्हापासून महिन्यातून एकदा पातेलेभर गम्बो व्हायचा. उरलेला ती लगेच पसरट डब्यांत ओतायची, डबे सिंकमधल्या गार पाण्यात ठेवून निववायची आणि दोन तासांच्या आत माझ्याकडे सोपवायची. भात वेगळा. झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर तारीख. तीन महिन्यांत डबा संपलाच पाहिजे. खायच्या आदल्या रात्री तो शेजारच्या फ्रीजमध्ये जायचा. दुसऱ्या दिवशी मधोमध बुडबुडे येईपर्यंत उकळायचा, आणि उरलेला पुन्हा माझ्याकडे आणायचा नाही. "आमचा फ्रीझर म्हणजे घरातला सगळ्यात भरवशाचा माणूस," असे ती पाहुण्यांना सांगायची. मी फुगून जायचो.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये प्रसन्नचे वडील, म्हणजे छोट्या अवनीचे आजोबा, श्यामकांत पुण्याहून आले. वीज मंडळात छत्तीस वर्षे नोकरी केलेले गृहस्थ. एके दिवशी सगळे तीन दिवसांसाठी प्रागला निघाले. फ्रीज निशिगंधाने रिकामा केला होता. मी मात्र भरलेला होतो. बॅगा खाली गेल्या आणि आजोबा एकटे मागे राहिले. त्यांनी खिडक्या पाहिल्या, नळ पाहिले. मग विजेच्या पेटीपाशी जाऊन मेन स्विच बंद केला. गावाला जाताना मेन बंद करूनच कुलूप लावायचे, ही त्यांची जन्माची सवय.

मी गप्प झालो. बाहेर तेहतीस अंश होते. पहिला दिवस मी कसाबसा रेटला. दुसऱ्या दिवशी सगळे डबे वितळले. तिसऱ्या दिवशी ते कोमट झाले आणि मला काहीही करता येईना.

परतल्यावर आजोबाच आधी वर आले. त्यांनी मेन चालू केला आणि माझ्या पायाशी साचलेले पाणी पाहिले. "अरे देवा," ते पुटपुटले. त्यांनी फडके घेऊन घाईघाईने फरशी पुसली. तेवढ्यात बाकीची मंडळी आली आणि आजोबांनी फडके मागे लपवले. दुसऱ्या दिवसापर्यंत मी सगळे पुन्हा गोठवून टाकले. तेच झाकण, तीच तारीख. कुणाला काही कळायचे कारणच नव्हते, आणि त्यामुळेच माझी गाळण उडाली.

बुधवारी निशिगंधाने गम्बोचा डबा फ्रीजमध्ये काढून ठेवला. गुरुवारी दुपारी घरात कुणी नसताना आजोबांनी त्यातला वाटीभर रस्सा काढला, चांगला दहा मिनिटे उकळला आणि उभ्यानेच खाल्ला. "एवढं उकळलंय, आता काय होतंय," ते स्वतःशीच म्हणाले. अहो, काही जंतू असे विष मागे ठेवतात की ते उकळूनही जात नाही! मी जिवाच्या आकांताने घरघरलो. आजोबांनी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही.

संध्याकाळी पाने मांडली गेली.

"आई, इश हाब हुंगर!" सहा वर्षांची अवनी ओरडली.

"मराठीत सांग."

"भूक लागली!"

निशिगंधाने तिला वाढले. "बाबा, तुम्हाला?"

"नको गं. मला भूक नाही." आजोबांच्या कपाळावर घाम होता. त्यांचा एक हात पोटावर होता.

"आल्झो... म्हणजे, थोडं तरी घ्या ना बाबा," प्रसन्न म्हणाला.

अवनीने चमचा भरला. त्यावर फुंकर मारली. आजोबा एकदम उठले आणि त्यांनी तिच्या हातातला चमचा हिसकावला. रस्सा तिच्या फ्रॉकवर सांडला.

"खाल्लंस का? सांग, खाल्लंस का?"

"नाइन! नाही, आजोबा!" ती रडू लागली.

"मेन मी बंद केला होता," आजोबा म्हणाले. "तिन्ही दिवस. पाणी साचलं होतं, ते मी पुसलं. दुपारी आधी मी खाऊन बघितलं. पोटात फार दुखतंय रे प्रसन्न."

"अहो बाबा, सांगायचं नाही का?"

"आल्या आल्या तुझ्या घरात नुकसान केलं. कुठल्या तोंडानं सांगू?"

रुग्णवाहिका त्यांना हायडेलबर्गच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. निशिगंधाने मला पार रिकामे केले. चार दिवस मी नुसताच घरघरत होतो आणि दर वेळी फोन वाजला की मला वाटायचे, हा हॉस्पिटलातूनच.

आजोबा परत आले ते अर्धे होऊन. निशिगंधा माझे कप्पे पुसत होती. ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

"अवनी नसती ना, तर मी बोललो नसतो," ते हळूच म्हणाले. "तुम्हा दोघांना खाऊ दिलं असतं. वाटलं असतं, मोठी माणसं आहात, पचेल."

निशिगंधाचा हात थांबला. मग तिने फडके पिळले आणि ती पुन्हा पुसायला लागली.

मित्रांनो, अन्न लवकर निववा, तारीख लिहा, नीट उकळा. हे सगळे कराच. पण मी बंद पडलो होतो, हे मला सांगता येत नाही. ज्याला ते ठाऊक असेल त्याने त्याच दिवशी सांगावे. डबे फेकावे लागतील, कुणी रागावेलही. तरी सांगावे. त्या संध्याकाळी अवनीचा चमचा तिच्या तोंडापासून वीतभर लांब होता.