साखळीतल्या दोघी

माझी पुतणी अक्षदा संध्याकाळी भोईवाड्याच्या मैदानावर रडार घेऊन आली, तेव्हा मी तिला सरळ सांगितलं, "अर्धा तास. त्यानंतर मैदान कबड्डीचं." एके काळी ती माझ्याच संघात डावा कोपरा खेळायची. इंजिनिअरिंगला गेली आणि खेळ सोडला. तो राग मी सात वर्षं जपून ठेवला होता, खोटं कशाला बोलू?

बरोबर तिच्या कंपनीतले विनीत सर होते. हे रडार गर्दीतली माणसं मोजणार, तेही कॅमेऱ्याशिवाय, कोणाचा चेहरा न बघता. आज सरांना पटलं तर काम पुढे, नाहीतर कायमचं बंद आणि अक्षदाची रवानगी रजेचे अर्ज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे. तीन वर्षं राबली होती बिचारी.

स्टँडवर वीतभर अंतराने दोन अँटेना होत्या. "एका अँटेनाला माणूस जवळ येतोय की लांब जातोय एवढंच कळतं, काका," ती म्हणाली. "दोन्हींवर परत येणाऱ्या लहरी जुळवून बघितल्या, की तो आडवा किती वेगाने सरकतोय तेही कळतं."

माझ्या संघातल्या सात पोरी कबड्डीच्या अंगणात उतरल्या. लॅपटॉपवर सात ठिपके फिरू लागले, सर खूश. मग समोरच्या संघाची मनवा रेडला शिरली आणि माझ्या पोरींनी सवयीने जोडीजोडीने हात धरून साखळ्या केल्या. अंगणात आठ जणी, ठिपके पाच!

"बाजारात आई मुलाचा हात धरूनच चालते, अक्षदा," सर म्हणाले. "तिथे काय करणार?"

तिचं तोंड एवढंसं झालं. "हात, पाय, धड, सगळ्यांवरून वेगवेगळ्या लहरी येतात, सर. एकाच माणसाचे चार ठिपके होऊ नयेत म्हणून मीटरभरातलं सगळं मी एकच माणूस धरलं."

सर लॅपटॉप मिटू लागले. ते मला बघवेना.

"एवढी शिकलीस आणि साखळी विसरलीस?" मी भडकलो. पाहुण्यांसमोर ओरडायला नको होतं, पण माझं तोंड मला कधी आवरलंय? "रेडरने पाठ फिरवली की कोपरा झेप घेतो, आणि शेजारची पाय रोवून उभी राहते. हात धरलेल्या दोघी कधी एका वेगाने सरकतात का गं?"

 ती तिथेच मातीत मांडी घालून बसली. "आडवा वेग माझ्याकडे आहे, काका. मी तो नुसता ठिपक्याची दिशा दाखवणारा बाण काढायला वापरत होते." बोटं भराभर चालू लागली. "हात-पाय पुढे जाऊन मागे येतात. माणूस सलग सरकतो. जवळच्या दोन ठिपक्यांचा आडवा वेग सलग वेगळा राहिला, तर माणसं दोन."

अर्धा तास कधीच उलटून गेला होता. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

मनवा पुन्हा शिरली. पोरींनी हात धरले. ठिपके सहा. मनवा वळली, कोपरा झेपावला. आठ! मधेच एकदा सात झाले, मी देवाचं नाव घेतलं, पण पुन्हा आठ झाले आणि आठच राहिले.

"हे कुठे वाचलंस?" सरांनी विचारलं.

"वाचलं नाही, सर. बाराव्या वर्षी काकांनी शिकवलंय."

 सात वर्षं मला वाटत होतं, पोरीने माझं सगळं शिकवणं याच मैदानात टाकून दिलं.

सरांनी काम चालू ठेवलं, पण पुढची परीक्षाही लावली. येत्या शनिवारी हिंदमाताला, साड्यांच्या दुकानांसमोर, खऱ्या गर्दीत. "मोजणी बरोबर आहे का ते पडताळायला ओळखीची माणसं लागतील," अक्षदा चाचरत म्हणाली. माझ्याकडे मात्र बघेना.

मी शिट्टी मारून पोरींना जवळ बोलावलं आणि सांगितलं, "शनिवारी प्रॅक्टिस नाही. सगळ्यांनी हिंदमाताला यायचं, हात धरून."

पोरी एकमेकींची तोंडं बघू लागल्या. तीस वर्षांत मी प्रॅक्टिस कधी रद्द केली नव्हती, स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा.