अठरापैकी अठरा

प्राध्यापकबाईंचं सगळं नाव एका आकड्यावर उभं होतं: अठरापैकी अठरा. बत्तीस वर्षांपूर्वी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरामागच्या खोलीत त्यांनी चादरी धुणाऱ्या अठरा बायकांना शंभर दिवसांत वाचायला शिकवलं, परीक्षा घेतली आणि अठराच्या अठरा पास झाल्या. त्यावर प्रबंध झाला, प्रबंधाचं पुस्तक झालं, पुस्तकाने नोकरी दिली आणि पुढची पंचवीस वर्षं शिक्षक होऊ घातलेली पोरं-पोरी 'बाईंची पद्धत' घोकत राहिली. लग्नाचं तेवढं राहून गेलं. कुणी विचारायला यावं, तर बाई कायम कुठल्या तरी वर्गात मागच्या बाकावर बसून कुणाचा तरी पाठ तपासत असायच्या.

निवृत्तीनंतर मात्र सवडच सवड. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्या आणि रेडिओ. निवेदक चुकला की त्या मोठ्याने त्याला दुरुस्त करायच्या आणि आपल्याच आवाजाने दचकायच्या. दाराची घंटी वाजली की लगबगीने जायच्या, तर शेजाऱ्यांचं पार्सल. एकटेपण खायला उठायचं, पण हे कुणाला बोलून दाखवणार? बोलायला कुणी असतं तर रडं कशाला होतं!

अशात प्रकाशकाचा फोन आला. नवी आवृत्ती काढायची आहे, शेवटी एक प्रकरण हवं: त्या अठरा जणी आज काय वाचतात? बाईंना हुरूप आला. महिनाभर त्यांनी पत्ते हुडकले. काही जणी वारल्या होत्या, काहींचा ठावठिकाणा नव्हता. सापडली एकच, थोरली. वर्गात दोघी सख्ख्या बहिणी होत्या, म्हणून हिला सगळ्या थोरली म्हणायच्या.

थोरली अजून धुलाईघराच्या मागच्याच गल्लीत राहत होती. दुपारी दार वाजलं तेव्हा तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अग्गोबाई, तुम्ही! केवढ्या वाळलात हो!"

"तू तरी कुठे बाळसं धरलंयस?" बाई हसल्या. "आणि धाकटी कुठाय?"

"गेली. मागल्या साली." थोरलीने पदराने खुर्ची पुसली. "बसा."

बाई बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून परीक्षेचं जुनं, पिवळं पडलेलं कार्ड काढलं. "वाचशील? चष्मा लाव हवं तर."

"चष्मा कशाला? झोपेतून उठवलंत तरी म्हणेन."

थोरलीने कार्ड गुडघ्यावर ठेवलं, बोट टेकवलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "दार उघड. ताई आली. ताई, बस. पाणी घे." बोट डावीकडून उजवीकडे सरकत होतं, कुठेही अडत नव्हतं. बत्तीस वर्षांनी! बाईंचा ऊर भरून आला. कौतुकाने त्या पुढे वाकल्या. वर कार्डाची मागची बाजू होती. थोरलीचं बोट ज्या ओळींवरून फिरत होतं त्या बारीक अक्षरातल्या सूचना होत्या, बाईंनीच लिहिलेल्या. शिक्षिकेने घाई करू नये. विद्यार्थिनीला तिचा वेळ द्यावा.

शिकवलेलाच धडा परीक्षेला देऊ नये, हे त्या प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच आठवड्यात बजावायच्या. ह्या चुकीपायी कितीतरी पोरांच्या पाठवहीवर त्यांनी लाल रेघ ओढली होती. आणि स्वतः मात्र तेच केलं होतं, कारण महिनाअखेर निकाल द्यायचा होता.

"थोरले, ही मागची बाजू आहे."

बोट थांबलं. थोरलीचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"सगळ्यांचं असंच होतं?"

"धाकटीला येत होतं थोडंफार. ती धडा वाचायची, आम्ही चादरी पिळता पिळता तिच्या मागून म्हणायचो."

"अगं, पण का? मला सांगायचं होतंस!"

"तुम्हीच म्हणालात, इस्पितळाचे साहेब येणार आहेत, निकाल चांगला नाही लागला तर वर्ग बंद करतील. तेवढा एक तास होता हो बाई. बाकी दिवसभर आम्हाला कुणी बसा म्हणायचं नाही. वर्ग टिकावा म्हणून जीव तोडून पाठ केलं." थोरलीने कार्ड परत केलं. "सगळ्या पास झालो आणि मग तुम्ही आलाच नाहीत. दोन सोमवार आम्ही तशाच बसून होतो."

त्या दोन्ही सोमवारी बाई दुसऱ्या शहरात व्यासपीठावर होत्या. अठरापैकी अठरा म्हणताच टाळ्या पडल्या होत्या. आता त्यांना थोरलीकडे मान वर करून बघवेना.

त्यांनी नव्या प्रकरणासाठी आणलेला निकालाचा कागद काढला. थोरली घाबरली. "पासच लिहा. एवढं मोठं नाव तुमचं, मातीत जाईल. कुणाला कळतंय?"

खरंच, कुणाला कळत होतं? पास लिहिलं की प्रकरण पूर्ण, आवृत्ती बाजारात, आणि बाई घरी. पण त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"नापास. आणि पुस्तकातही तेच लिहीन."

थोरलीने त्या शब्दावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे वर्ग परत लागणार?"

"लागणार. तुला दुपारी वेळ असतो?"

"वेळाला काय तोटा! धाकटी गेल्यापासून ह्या भिंतींशी बोलते मी."

"मी रेडिओशी," बाई म्हणाल्या. "उद्या तीनला येते."