फलकाची मागची बाजू

रस्त्याकडेला इतिहासाचा लोखंडी फलक दिसला की गाडीवाले वेग कमी करतात, अर्धी ओळ वाचतात आणि निघून जातात. हे फलक मी ओततो. लोकांना थोडाफार इतिहास ठाऊक आहे तो माझ्यामुळे, असं मी आत्याला ऐकवतो. उरलेली अर्धी ओळ कोण वाचणार, असं ती विचारते.

यंदा फलक निघाला तो तिच्याच गावाचा. एका गोऱ्या साहेबाने नदीकाठी वसवलेलं गाव. वखार, कचेरी, चाळीसेक घरं. एका पुरात सगळं वाहून गेलं आणि पुन्हा वसलं नाही. तिथे जन्मलेलं आता एकच माणूस उरलंय, आणि ते माझ्या घरात बसून माझ्या चहाला नावं ठेवतं.

फलक लावणाऱ्या समितीकडून मजकूर आला. साहेबाचं नाव, त्याचा हुद्दा, वखारीची लांबी-रुंदी आणि शेवटी, 'पुरात जीवितहानी झाली नाही.' मी तो आत्याला वाचून दाखवला. एरवी तिचं तोंड बंद करणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. त्या दिवशी तिने चहालाही नावं ठेवली नाहीत. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, त्या गावचे नावाडी. खेपा करून करून त्यांनी अख्खं गाव पैलतीरी नेलं आणि शेवटच्या खेपेला गेले ते परतलेच नाहीत. 'माझे वडील नव्हतेच का?' एवढंच तिने संध्याकाळी विचारलं.

मी समितीच्या मास्तरांकडे गेलो. त्यांना सगळे दाखला मास्तर म्हणतात, कारण सूर्य उगवला म्हटलं तरी ते दाखला मागतील. म्हातारीच्या आठवणी म्हणजे पुरावा नव्हे, असं त्यांनी मला गोड शब्दांत समजावलं. साहेबाने नंतर शहरात बसून लिहिलेला अहवाल तेवढा आहे, गावाचा स्वतःचा एक कागदही मिळत नाही म्हणाले.

मी मान डोलावली आणि कामाला लागलो. आमच्या फलकाला दोन्ही बाजूंनी अक्षरं असतात, येणाऱ्या-जाणाऱ्या दोघांना दिसावीत म्हणून. मजकूर दोन्हीकडे तोच, ही रीत. पण कामाच्या कागदावर तशी अट नव्हती, आणि समितीवाले कायम शहराकडूनच येतात.

उद्घाटनाला त्यांनी पुढची बाजू वाचली, टाळ्या वाजवल्या. आत्या मागे गेली. नजर अधू, म्हणून तिने उठावाची अक्षरं बोटांनी चाचपली. 'शेवटच्या खेपेला गेलेला नावाडी परतला नाही.' दोनदा चाचपली. मग म्हणाली, अक्षरं जरा वाकडी आलीत. मला इतकं बरं वाटलं, की विचारू नका.

तेवढ्यात मास्तर तिथे आले. वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"याला दाखला काय?"

मी तोंड उघडणार तोच आत्या वळली. "सगळे उतरल्यावर साहेबाला आठवलं, कचेरीतली कागदांची पेटी राहिली. बाबा ती आणायला परत गेले. मी काठावर उभी होते. तुमचे दाखलेच आणायला गेले होते ते, मास्तर."

पेटीचं मलाही तेव्हाच कळलं. मास्तरांनी खिशातून वही काढली आणि नावाड्याचं नाव विचारलं. आत्याने ते दोनदा सांगितलं, आणि नीट लिहिलंय ना, ते माझ्याकडून वाचून घेतलं.