सहा सापांची उबदार मांडणी

मित्रांनो, दूर उत्तरेत सरोवराकाठी वसलेल्या डुलुथ शहरातल्या एका तळघरात भिंतीला पाठ टेकून उभी असलेली पांढरी मांडणी, ती मी. माझे वय अकरा वर्षे. मला सहा कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्यात प्लास्टिकचा एक डबा आणि प्रत्येक डब्यात एक साप, असा माझा संसार होता. भिऊ नका, त्यातला एकही विषारी नव्हता. खरे सांगायचे तर त्या घरात सर्वांत भित्री मीच. बाहेर सरोवर गोठलेले असताना सापांना ऊब द्यायची आणि ती वाढूही द्यायची नाही, हे माझे काम. पण माझ्या पाठीतल्या तापणाऱ्या पट्टीवर माझा काडीचाही ताबा नाही.

मला ऑर्विल लुंडीन यांनी बनवले. त्यांनी जन्मभर सुतारकाम केले होते. पत्नी गेल्यापासून ते एकटेच राहत. सापांची त्यांना इतकी भीती, की मासिकात सापाचे चित्र आले तर ते पान न बघताच उलटत. एका नोव्हेंबरात त्यांची मुलगी मारित लग्न मोडून घरी परत आली. तिच्याबरोबर कपड्यांच्या दोन बॅगा होत्या आणि पिशव्यांत बांधलेले सहा साप होते. दारात काय बोलणे झाले, ते मी नंतर इतक्यांदा ऐकले आहे की मला पाठ झाले आहे.

"सहाच?" ऑर्विलनी विचारले.

"सहाच. आठ होते, दोन त्याच्याकडे राहिले."

"बरं. आत ये, कॉफी गरम आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला न सांगता गॅरेजमध्ये कागदावर माझे चित्र काढले. कोपऱ्यात देवदाराच्या लालसर फळ्या रचून ठेवलेल्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून पुसल्या आणि टेबलावर मांडल्या. संध्याकाळी मारित आत आली आणि दारातच थबकली.

"बाबा, हा वास कसला?"

"देवदार. कुजत नाही, कीड लागत नाही. नाव बांधायची म्हणून ठेवला होता. आता कुठली नाव आणि कुठलं काय."

मारितने एका फळीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "देवदार नाही चालणार, बाबा. त्या लाकडात तेल असतं ना, त्याचा वास बंद डब्यात सापांच्या छातीत बसतो. मरतात त्याने."

"याच्याहून चांगलं लाकूड नाही माझ्याकडे."

"माहीत आहे मला."

"वीस वर्षं जपलंय."

"म्हणूनच सांगायला जीभ रेटत नव्हती."

ऑर्विलनी फळ्या उचलून पुन्हा कोपऱ्यात ठेवल्या. पुढचे दोन दिवस ते गॅरेजमध्ये फिरकले नाहीत. मी तेव्हा नुसती पेन्सिलीची रेघ होते. आपला जन्म होणारच नाही, या धास्तीने ते दोन दिवस मी काढले.

तिसऱ्या दिवशी ते आले, तेव्हा त्यांनी वेगवेगळ्या फळ्यांचे तुकडे आणले होते. भुसा दाबून केलेला एक तुकडा त्यांनी पाण्याच्या बादलीत टाकला. संध्याकाळपर्यंत तो पावासारखा फुगला. डब्यांत पाण्याची भांडी असणार आणि ती सांडणारही, म्हणून तो बाद झाला. प्लायवूड टिकले असते, पण त्याला रंग द्यावा लागला असता आणि त्या रंगाचा वास जायला महिना लागला असता. साप तर न्हाणीघरात एका हीटरसमोर दिवस काढत होते. शेवटी दोन्ही बाजूंनी गुळगुळीत पांढरा थर दिलेल्या फळ्या ठरल्या. त्या जड असतात, पण फडक्याने पुसल्या की स्वच्छ होतात. कापलेल्या कडांना त्यांनी पट्ट्या लावून पाण्याची वाटच बंद केली.

माझ्या डब्यांना झाकणे नाहीत, वरची फळी हेच झाकण. त्यामुळे मधली फट पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढीच हवी. ती ऑर्विलनी दहा वेळा मोजली.

"पुरे आता, बाबा," मारित म्हणाली.

"एक जरी बाहेर आला ना, तर मी घर विकेन आणि पत्ता तुला सांगणार नाही."

ऊब नव्वद अंश फॅरनहाइटवर, म्हणजे तुमच्या अंगातल्या उबेपेक्षा जरा कमी, राहावी म्हणून थर्मोस्टॅट आणला. त्याच्या तारेचे टोक माझ्या गरम भागाला चिकटवायचे असते. ते टोक सांगेल तेवढीच वीज आत येते. फळ्यांवर इतका विचार केलेल्या त्या माणसाने हे टोक मात्र खणातल्या साध्या राखाडी चिकटपट्टीने चिकटवले. तिला उष्णता सोसत नाही. आठवड्याभरात तिची एक कड सुटली. मला कळत होते, पण मी सांगणार कोणाला? रोज सकाळी मारित डबे ओढायची, तेव्हा माझा जीव त्या कडेवर टांगलेला असायचा.

फेब्रुवारीत जे व्हायचे ते झाले. मारित शाळेची बस चालवायची. त्या दिवशी तिने दुपारच्या फेरीआधी घाईघाईने माझा खालचा कप्पा पुसला. फडक्यात तार अडकली आणि टोक निसटून बर्फासारख्या थंड फरशीवर पडले. तिने पाहिले नाही, ती निघून गेली. थर्मोस्टॅटला वाटले, सापांना थंडी वाजते आहे. तो वीज सोडत राहिला. शंभर. एकशे दहा. पाच लहान साप डब्यांच्या पुढच्या गार टोकाला येऊन दाटले. सर्वांत वर ओल्गा होती, चौदा वर्षांची जाडजूड मादी अजगर. तिचा डबा तिला आधीच अपुरा. ती सगळी पुढे येऊ शकत नव्हती. तिची धडपड माझ्या फळीला कळत होती आणि मीच तिला भाजत होते.

तेवढ्यात ऑर्विल मुरवलेल्या बीटची बरणी न्यायला खाली आले. नेहमीप्रमाणे माझ्याकडे न बघता ते परत फिरले आणि पायरीवर थांबले. त्यांना तापलेल्या प्लास्टिकचा वास आला होता. त्यांनी माझ्या कडेला तळवा लावला, चटका बसून मागे घेतला आणि वायर खेचून काढली. मग मारितला फोन लावला. बस चालवताना ती फोन घेत नसे. त्यांनी पुन्हा लावला. शेवटी निरोप ठेवला, "मारित, मी बाबा. मी आता वरचा डबा उघडतोय."

त्यांनी डबा आधी वीतभर ओढला आणि मग पूर्ण बाहेर काढला. त्यांनी डोळे अर्धवट मिटून ओल्गाच्या खाली दोन्ही हात घातले आणि तिला उचलले. ती त्यांच्या मनगटाभोवती घट्ट गुंडाळली गेली. ते पायरीवर बसले आणि मुलगी येईपर्यंत तासभर हलले नाहीत.

मारित धावत आली. ओल्गाच्या पोटावर तळहाताएवढा भाजल्याचा डाग होता.

"चिकटपट्टी माझ्या खणातली होती," ऑर्विल म्हणाले.

"तार मी ओढली, बाबा."

"पट्टी धड असती तर तार सुटली नसती."

"मी मागे वळून बघितलं असतं तर..."

"नंतर भांडू. आधी हिला माझ्या हातावरून काढ. मला बोटं जाणवत नाहीयेत."

प्राण्यांच्या डॉक्टरांच्या मलमाने जखम भरायला तीन महिने लागले. व्रण अजून आहे. ऑर्विलनी माझ्या पाठीत तारेसाठी खाच कोरली, टोक धातूच्या पट्टीने स्क्रू मारून पक्के केले आणि ऊब हाताबाहेर गेली तर वीज तोडणारा दुसरा थर्मोस्टॅट बसवला. तरी माझी भीती गेली नाही. ती जाऊही नये, असे मला वाटते.

गेल्या वर्षी मारितने स्वतःचे घर घेतले, काचेच्या दारांची नवी कपाटे घेतली आणि साप न्यायला ती आली. ऑर्विलनी पाच डबे स्वतः गाडीत ठेवले. सहावा ठेवला नाही.

"ओल्गा राहू दे," ते म्हणाले. "म्हातारी आहे. जागा बदलली तर तिला झेपायचं नाही."

मारितने त्यांच्याकडे बघितले आणि गाडीचे दार लावले.

आता माझे पाच कप्पे रिकामे आहेत आणि त्यांत धूळ बसते. ऑर्विल ऐंशीचे झाले. जिना उतरताना ते प्रत्येक पायरीवर थांबतात. उद्या ते खाली येऊ शकले नाहीत तर काय, हा विचार मला दिवसभर सोडत नाही.

मित्रांनो, कोणासाठी काही बनवाल तेव्हा, तुम्हाला काय आवडते ते नंतर बघा. आधी आत राहणाऱ्याला काय सोसते ते विचारा. साध्या चिकटपट्टीचाही विचार फळीइतकाच करा. आणि ज्याला तोंडाने सांगता येत नाही असे कोणी तुमच्या घरी असेल, तर यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नका. रोज एकदा जवळ जा आणि हात लावून बघा.